पेटीत नसलेला सांधा

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की पहिल्या महिन्यात जी वस्तू घरी येते ती म्हणजे हाडांची पेटी. वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी ती घ्यायची असते. पूर्ण सांगाडा लागत नाही, अर्धा सेट पुरतो. उजवं हाड ओळखता आलं की डावंही येतं. माझ्या वाट्याला आलेली पेटी लाकडी होती. मांडीचं हाड तिरकं ठेवल्याशिवाय तिचं झाकण बसत नसे. मणके सुतळीत ओवलेले होते आणि मनगटाची आठ छोटी हाडं एका कापडी बटव्यात होती. ती रात्री चाचपून, डोळे मिटून ओळखायची हा आमचा अभ्यास. आईनं ती पेटी देवघराच्या खोलीत ठेवू दिली नाही, पण फेकही म्हणाली नाही. ती माझ्या खाटेखाली राहिली.

पुढे मी एकतीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं. त्या पेटीत काय होतं हे मला पहिल्या वर्षीच पाठ झालं होतं. काय नव्हतं, हे कळायला मात्र फार वेळ लागला.

पेटीत सांधा नव्हता. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकावर एक उभं करून पाहा. मांडीच्या हाडाची खालची टोकं दोन, दोन्ही गोलसर. नडगीचा माथा जवळजवळ सपाट. ताटलीवर दोन लिंबं ठेवावीत तशी ती रचना. हात काढला की कोसळते. पूर्ण सांगाडा वर्गाच्या कोपऱ्यात टांगलेला असतो, त्याचे गुडघे तारेनं आणि स्प्रिंगनं जोडलेले असतात. म्हणजे हाडं स्वच्छ करताना जे जे उकळून, खरवडून टाकलं, त्याच्या जागी आपण तार घातली आणि विद्यार्थ्यांना म्हटलं, हा पाहा गुडघा. जे काढून टाकलं तोच गुडघा होता. हाडांवरची गुळगुळीत कूर्चा, मधल्या दोन चंद्रकोरी गाद्या, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, या सगळ्याला वेढणारी पिशवी, तिच्यातलं वंगण आणि या सगळ्याची खबर मेंदूला देणाऱ्या नसा. या पुस्तकात मी त्या टाकून दिलेल्या गोष्टी पुन्हा हाडांभोवती ठेवायचा प्रयत्न केला आहे.

मराठीत हे काम करायला भाषेची अडचण कमी आणि मदत जास्त झाली. शाळेच्या पुस्तकात आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणतो आणि कोपराला बिजागरीचा. यातलं उखळ फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक ‘उलूखल’, म्हणजे हेच आपलं उखळ. जबड्याच्या सांध्याला तिथे कावळ्याच्या चोचीचं नाव आहे आणि कवटीच्या हाडांमधल्या रेषांना शिवणीचं. सुश्रुतानं सांधे 210 मोजले, हाडं 300. आज आपण प्रौढ माणसाची हाडं 206 मोजतो. हा फरक मुख्यतः दात आणि कूर्चाही हाडांत धरल्यामुळे पडतो. मला त्या आकड्यांपेक्षा त्याची पद्धत मोलाची वाटते. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या कुंच्यानं हलके हलके घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. हे पाहणाऱ्या माणसाला सांध्यातला ओलावा दिसला होता. तेल घातलेल्या आसावर चाक जसं नीट फिरतं तसे सांधे कफाच्या स्निग्धतेवर चालतात, असं तिथे म्हटलं आहे. बैलगाडीच्या चाकाचं करकरणं ज्यानं ऐकलं आहे त्याला हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फक्त बिजागरी या शब्दानं एक गैरसमज करून दिला आहे. दाराची बिजागरी एकाच आसावर फिरते. माणसाच्या शरीरात तंतोतंत असा सांधा जवळपास नाहीच. गुडघा तर मुळीच नाही. हे समजायला जमिनीवरून उठणाऱ्या माणसाकडे पाहावं.

विळीवर भाजी चिरायला बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. एक पाय मुडपून पाटावर, दुसरा गुडघा उभा. चिरून झालं, आता ती उठणार. पहिली हालचाल पायांची नसतेच. ती पुढे झुकते. बूड जमिनीवर आणि पावलं पुढे असताना शरीराचा भार पावलांवर आणल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून खुब्यात वाकून धड पुढे जातं. त्याच वेळी नडगी घोट्यावर पुढे कलते. घोटा आखडलेला असेल तर नडगी कलत नाही, भार टाचांच्या मागे राहतो आणि माणूस मागे पडतो. उकिडवं बसता येत नाही म्हणून लोक गुडघ्याला दोष देतात. कितीतरी वेळा अडचण घोट्यात असते.

मग गुडघा उलगडू लागतो. पूर्ण मिटलेल्या गुडघ्यात मांडीचं हाड नडगीच्या माथ्यावर बरंच मागे गेलेलं असतं. उठताना ते पुढे गडगडतं आणि त्याच वेळी मागे घसरतंही. नुसतं गडगडलं असतं तर माथ्यावरून खाली उतरलं असतं, नुसतं घसरलं असतं तर एकाच जागी घासलं असतं. या दोन्ही हालचालींचा मेळ गुडघ्याच्या आत फुलीसारखे आडवे गेलेले दोन अस्थिबंध घालतात. मधल्या गाद्या जागच्या जागी बसून राहत नाहीत, हाडाबरोबर सरकतात. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वर चढत येते आणि कप्पीसारखं काम करते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ तिच्यावरून वळून नडगीला पोहोचते.

शेवटचा भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. पाय जवळजवळ सरळ झाला की मांडीचं हाड नडगीवर काही अंश आतल्या बाजूला फिरतं आणि सांधा कुलूप लागल्यासारखा घट्ट होतो. आता उभं राहायला मांडीच्या स्नायूंना फारशी मेहनत करावी लागत नाही. रेशनच्या रांगेत तासभर उभं राहता येतं ते याच कुलपामुळे. पुन्हा बसायचं झालं की गुडघ्याच्या मागे लपलेला एक छोटा, तिरका स्नायू आधी ते कुलूप उघडतो, मगच गुडघा वाकतो.

बाई उभी राहिली. तीन-चार सेकंद लागले असतील. एवढ्यात घोटा, गुडघा, खुबा आणि कंबरेचे मणके यांनी आपापला वाटा दिला, आणि एकानं कमी दिला असता तर तो दुसऱ्याला भरून द्यावा लागला असता. मांडी घालतानाही हेच होतं. मांडी घालण्याचं खरं काम खुब्याचं; मांडीचं हाड उखळीत बाहेरच्या बाजूला फिरायला हवं. खुबा फिरला नाही आणि तरी हट्टानं पद्मासन घातलं, तर तो पीळ गुडघ्याच्या गादीवर जातो. आसन चुकीचं नसतं, पण ज्या सांध्याचं ते काम, त्यानं ते न करता शेजाऱ्यावर टाकलेलं असतं.

आता आतल्या गोष्टीकडे येते, कारण घरोघरी बोलली जाणारी वाक्यं तिथलीच आहेत. ‘गॅप कमी झाली’, ‘वंगण संपलं’, ‘गादी झिजली’. एक्स-रेच्या फिल्मवर मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये काळी फट दिसते. ती फट रिकामी नसते. तिथे दोन्ही हाडांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीची कूर्चा आहे, गाद्या आहेत. एक्स-रे त्यांच्यातून आरपार जातो म्हणून त्या दिसत नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर वाटीही दिसत नाही. वाटी असते, पण कूर्चेची. तिच्यात हाड तयार होऊन ते फिल्मवर उमटायला साधारण तिसरं वर्ष उजाडतं. तेव्हा ‘गॅप कमी झाली’ म्हणजे कूर्चा पातळ झाली.

वंगण संपतं, हे तर खरंच नाही. निरोगी गुडघ्यात वंगण असतं ते चहाच्या चमच्यापेक्षाही कमी, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट आणि तार धरणारं. झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्यात ते पुष्कळदा वाढलेलं असतं, फक्त पातळ झालेलं असतं. ज्याला ‘वंगण संपलं’ असं सांगितलं जातं त्याच माणसाच्या गुडघ्यातून पुढच्या महिन्यात ‘पाणी’ काढावं लागतं, आणि दोन्ही वाक्यांचा मेळ कसा घालायचा हे त्याला कुणी सांगत नाही. या पुस्तकाचा एक मोठा भाग त्या माणसासाठी आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. नसाही नसतात, म्हणून ती झिजताना सुरुवातीला दुखत नाही. तिच्या वजनाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पाणी असतो. मग तिला अन्न मिळतं कुठून? त्याच चमचाभर वंगणातून. पाय टेकला की ती दाबली जाते आणि थोडं पाणी बाहेर पडतं. पाय उचलला की ती पुन्हा ओढून घेते. ओला स्पंज दाबावा आणि सोडावा तसं. चालणं म्हणजे कूर्चेचं जेवण आहे, असं मी वर्गात सांगत असे. मणक्यांमधल्या चकत्यांचंही असंच आहे. दिवसभराच्या भारानं त्या दबतात, रात्री आडवं झालं की पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो.

सांध्याला विश्रांती द्यावी की हालचाल, हा वाद वैद्यकात शंभर वर्षं चालला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस एकोणिसाव्या शतकात सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचे पुरस्कर्ते होते. त्यांच्यासमोरचे कितीतरी सांधे क्षयानं पोखरलेले होते आणि औषध नव्हतं. त्यांचं म्हणणं त्या काळासाठी वेडेपणाचं नव्हतं. त्याच सुमारास पॅरिसचे लुका-शाँपियोनिएर मोडलेल्या हाडालाही शक्य तितक्या लवकर हलवा म्हणत होते. निकाल पुढे प्रयोगशाळेत लागू लागला. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी 1960 मध्ये दाखवलं की सांधा सतत दाबून ठेवला तर जिवंत कूर्चेच्या पेशी मरतात. 1970 पासून त्यांनी सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. कूर्चेला मुद्दाम छोट्या जखमा केल्या. काही गुडघे प्लास्टरमध्ये ठेवले, काही यंत्रानं सावकाश, अखंड हलवत ठेवले. हलते गुडघे कितीतरी चांगले भरून आले. म्हणजे कूर्चेला सततचा भार मारतो, सततची स्थिरताही मारते. तिला दाब आणि सुटका यांचा ताल हवा असतो.

‘सांधे जपून वापरा, झिजतील’ हा सल्ला आपल्याकडे प्रेमानं दिला जातो. चाळिशीतल्या बायकांना, गुडघा एकदा कुरकुरला एवढ्यावरून, जिना बंद, चालणं बंद, जमिनीवर बसणं बंद असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. या सल्ल्यानं मांडीचा स्नायू बारीक होतो. मग जो धक्का स्नायूनं झेलायचा तो थेट कूर्चेवर येतो, आणि गुडघा खरोखरच दुखू लागतो. याला मी दुखण्याची लागवड म्हणते. लाल, गरम, सुजलेला सांधा, ताजी इजा, तापाबरोबर आलेलं सांध्याचं दुखणं यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आधी डॉक्टर. पण बाकीच्यांसाठी बंदीपेक्षा मोजून केलेली हालचाल हेच औषध आहे, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

हाडालाही तोच नियम लागू. पेटीतलं हाड वाळलेलं, खडूसारखं असतं म्हणून आपण हाडाला दगड समजतो. जिवंत हाड ओलं असतं, त्यातून रक्त वाहतं, आणि ते सतत मोडून बांधलं जात असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. हे बांधकाम कुठे दाट करायचं आणि कुठे विरळ, हे भार ठरवतो. 1866 च्या सुमाराची झुरिचमधली गोष्ट आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा कापून आतली जाळी दाखवली. तिथले अभियंते कार्ल कुलमान यांनी ती पाहिली आणि त्यांना आपली यारी आठवली. वजन उचलणाऱ्या वाकड्या यारीत ताणाच्या आणि दाबाच्या रेषा जशा जातात, तशाच हाडातल्या काड्या मांडलेल्या होत्या. पुढे बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला: भार बदलला की हाड स्वतःची घडण बदलतं. अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का घटतं, ते याच नियमानं.

याचा आपल्या मातीतला पुरावाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॅवलॉक चार्ल्स नावाचे प्राध्यापक होते. पंजाबी लोकांच्या पायांची हाडं तपासताना नडगीच्या खालच्या कडेवर आणि घोट्याच्या हाडावर त्यांना लहान, गुळगुळीत जागा दिसल्या. दोन हाडं वारंवार एकमेकांना टेकल्यानं तयार झालेल्या. आयुष्यभर उकिडवं बसणाऱ्या माणसांच्या हाडांनी ती सवय लिहून ठेवली होती. मी विद्यार्थ्यांना पेटीतल्या नडगीवर ती जागा शोधायला लावत असे. सापडली की वर्ग क्षणभर गप्प व्हायचा. तोवर ते हाड होतं. आता ते कुणाचं तरी बसणं होतं.

म्हणूनच जयपूर फूटचा इतिहास मी या पुस्तकात विस्तारानं दिला आहे. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचं जे पाऊल घडवलं, ते घालून माणसाला अनवाणी चालता येत होतं, उकिडवं बसता येत होतं, शेतातल्या चिखलात उतरता येत होतं. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल बुटासाठी घडवलेलं होतं, हे पाऊल जमिनीसाठी. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा तयार करतानाही आपल्या लोकांच्या हाडांची मापं आणि बसण्याच्या सवयी यांचाच विचार केला. सांधा बनवायला निघालेल्या माणसाला आधी लोक कसे बसतात हे पाहावं लागतं.

नसांबद्दल एक गोष्ट घरची सांगते. माझ्या आईचा उजवा गुडघा दुखत असे. गुडघ्याला तेल लावलं, शेक दिला, पट्टा बांधला. एका दवाखान्यात गुडघ्याचेच एक्स-रे दोनदा काढले आणि दोन्ही वेळा ‘वयोमानानुसार झीज’ एवढं लिहून मिळालं. वर्ष गेलं. मी शरीररचनाशास्त्र शिकवत होते, रोज फळ्यावर जॉन हिल्टन यांचा नियम लिहीत होते. जी नस सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंना जाते तीच त्या सांध्यालाही जाते, असा तो नियम आहे; आणि खुब्याला जाणाऱ्या नसेची एक शाखा गुडघ्यापर्यंत उतरते, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हेही मी शिकवत होते. आईला पाठीवर झोपवून तिचा खुबा आत वळवून पाहायचं मात्र मला सुचलं नाही. ते एका तरुण फिजिओथेरपिस्टनं केलं. खुबा वळलाच नाही, आणि आई ओरडली.

तिच्याच मुलीनं तिला काठीही चुकीच्या हातात दिली होती. दुखरा खुबा उजवा, म्हणून काठी उजव्या हातात. खरं तर ती डाव्या हातात हवी. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या बाजूचे स्नायू शरीर कलू नये म्हणून ओढतात, आणि त्यांची ओढ व शरीराचं वजन मिळून उखळीवर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे किलोहून जास्त. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचं काम बरंच हलकं करते. हे सगळं मला माहीत होतं, पण तुकड्यातुकड्यानं, पेटीतल्या हाडांसारखं. हे पुस्तक लिहायला मी त्या वर्षामुळे बसले.

दुखणं नसणं मात्र त्याहून वाईट. शार्को नावाच्या डॉक्टरांनी 1868 मध्ये वर्णन केलेले सांधे संवेदना गेल्यामुळे उद्ध्वस्त होतात. माणूस मुरगळलेल्या पायावर चालत राहतो, कारण त्याला कळतच नाही. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच ओळखलं: बोटं रोगजंतूंनी गळून पडत नव्हती, बधिरपणामुळे नकळत होणाऱ्या इजांनी ती जात होती. आज मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि ते आधी वाचलं तरी चालेल.

आईचा खुबा बदलला. जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिनची वाटी बसवून ज्या शस्त्रक्रियेची वाट घालून दिली, तीच, बरीच सुधारलेली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईनं मला ती जुनी पेटी आणायला सांगितली. मी मांडीचं हाड काढून तिच्या हातात दिलं. वरच्या गोळ्यावरून तिनं अंगठा फिरवला.

‘‘एवढंसं? लिंबाएवढं?’’

‘‘एवढंच असतं.’’

‘‘आणि याला तेल कुठून मिळतं गं?’’

मी सांगायला सुरुवात केली आणि थांबले. हातातल्या हाडावर दाखवता येईल असं काहीच नव्हतं. मग तिचाच डावा पाय हातात घेतला, खुब्यात सावकाश वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला, आणि तिथून सांगायला लागले.